२६९ खोल्यांचा वाडा वाटणीत का गेला नाही: एसेनच्या व्हिला ह्यूगेलची केस

उद्योगपतीचा वाडा म्हटलं की पुढची स्टोरी आपल्याला पाठ असते. पहिली पिढी बांधते, दुसरी मिरवते, तिसरी भांडते, मग कोर्ट, मग रिसीव्हर, मग बिल्डर, आणि शेवटी नवीन टॉवरला त्या वाड्याचं नाव. जर्मनीतल्या एसेन शहरात मात्र एक घर आहे ज्याने दोन महायुद्धं पाहिली, मालकाला घरातूनच अटक झालेली पाहिली, कंपनी दोनदा बँकांच्या दारात गेलेली पाहिली, तरी ते ना पडलं, ना विकलं गेलं, ना त्याचं हॉटेल झालं. क्रुप घराण्याचा व्हिला ह्यूगेल. २६९ खोल्या, साधारण ८,१०० चौरस मीटर जागा (आपल्या हिशोबात ८७ हजार स्क्वेअर फूट) आणि भोवती २८ हेक्टरचं पार्क. हे घर का टिकलं, हा या केसचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, ते घर म्हणून कधी फारसं जमलंच नाही, ते पहिल्या दिवसापासून कंपनीचं ऑफिस होतं ज्यात मालक राहायचा, म्हणून टिकलं. पटलं नाही तर हरकत नाही, पुढे वाचा आणि ठरवा.

नावांचा घोळ आधी मिटवू. बांधणारा आल्फ्रेड क्रुप (जन्म १८१२). त्याचा मुलगा फ्रीडरिष आल्फ्रेड, ज्याला घरात आणि बाहेर फ्रिट्झ म्हणायचे. फ्रिट्झची मुलगी बर्था, तिचा नवरा गुस्ताव्ह, आणि त्यांचा मोठा मुलगा आल्फ्रीड. आल्फ्रेड पणजोबा, आल्फ्रीड पणतू. एका अक्षराचा फरक आहे, गोंधळ होतो, लक्ष ठेवा.

वाड्याआधीचं घर

आल्फ्रेडच्या बापाने १८११ मध्ये ओतीव पोलादाचा कारखाना काढला. इंग्लंडला जमतं ते आपल्याला का जमू नये अशी जिद्द, पण पैसा बुडाला, राहतं मोठं घर गेलं, आणि कुटुंब कारखान्याच्या आवारातल्या एका छोट्याशा घरात राहायला आलं. ते घर खरं तर कामगारासाठी बांधलेलं. १८२६ मध्ये बाप गेला तेव्हा आल्फ्रेड १४ वर्षांचा, कामगार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि डोक्यावर कर्ज. शाळा सोडून पोरगं भट्टीवर उभं राहिलं.

पुढची पंचवीस वर्षं नुसती ओढाताण. मग १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने सुमारे दोन टनांचा ओतीव पोलादाचा अखंड ठोकळा नेऊन ठेवला आणि युरोप बघत राहिला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच रेल्वेच्या चाकावर चढवायची बिनजोडाची पोलादी धाव आली. खरा पैसा तिथे. क्रुपच्या ट्रेडमार्कमधली तीन कडी म्हणजे तोफांची तोंडं असं अनेकांना वाटतं, ती रेल्वेच्या चाकांच्या तीन धावा आहेत. तोफा नंतर आल्या, आणि आल्या त्या जोरात आल्या.

तर अशा माणसाने १८६४ मध्ये गावाबाहेर, रुर नदीवरच्या टेकडीवर जमीन घेतली. कारखान्याचा धूर आणि घणांचे दणके यांनी शेजारी राहणं अशक्य झालं होतं हे एक कारण. दुसरं कारण धंद्याचं. गिऱ्हाईक कोण होते बघा: राजे, युद्धमंत्री, सेनापती. त्यांना उतरवायचं कुठे? तोफ बघायला आलेल्या माणसाला गावातल्या हॉटेलात ठेवून ऑर्डर मिळत नाही.

बांधकाम, म्हणजे एका माणसाचा हट्ट

पायाभरणी एप्रिल १८७० ची. आराखडा बराचसा आल्फ्रेडचा स्वतःचा. आर्किटेक्ट होते, एक गेला की दुसरा यायचा, पण स्केचेस मालक काढणार, खिडकी कुठे ते मालक सांगणार, वारा कुठून यावा तेही मालकच सांगणार. हा माणूस दिवसभर चिठ्ठ्या आणि पत्रं लिहायचा, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याची काय अवस्था होत असेल ते ज्यांनी असा बॉस भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याला आगीची भयंकर भीती होती. म्हणून घरात लाकूड शक्य तितकं कमी, दगड आणि पोलाद जास्त. १८७० च्या हिशोबाने हे फारच पुढचं बांधकाम, पोलादी तुळया, काचेचं छत, स्वतःचं वॉटरवर्क्स, स्वतःचा गॅसचा कारखाना, आणि गरम हवा खेळवून सगळं घर उबदार ठेवणारी आणि हवाही बदलणारी एक सेंट्रल सिस्टीम. ही सिस्टीम त्याची लाडकी. आणि हीच सिस्टीम शेवटपर्यंत नीट चालली नाही! एका खोलीत गारठा, दुसरीत घुसमट, आणि ती दुरुस्त करण्यात वर्षानुवर्षं पैसा जात राहिला. पोलादाचा जगातला मोठा कारखानदार स्वतःच्या घरात थंडीने कुडकुडतोय हे चित्र मला फार मानवी वाटतं.

बरं, काम सुरू झालं आणि तीन महिन्यांत, जुलै १८७० मध्ये, फ्रान्सशी युद्ध पेटलं. दर्शनी दगड मागवलेला कुठून? फ्रान्समधून. म्हणजे ज्या देशातून घराचा दगड येणार त्याच देशाच्या सैन्यावर सेदानच्या लढाईत क्रुपच्या पोलादी तोफा चालल्या. त्यात वादळांनी नुकसान केलं, खाली कोळशाच्या खाणी त्यामुळे जमीन खचायची चिंता, आणि १८७२ मध्ये एसेन भागातल्या खाण कामगारांचा मोठा संप. तरी काम रेटलं. साठीला टेकलेल्या माणसाला झाडं वाढायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून मोठी वाढलेली झाडं मुळासकट उपटून आणून पार्कात लावली. आज आपण लँडस्केपिंगवाल्यांकडून तयार झाडं घेतो त्यात काही विशेष नाही, १८७० च्या दशकात मात्र ते होतं.

जानेवारी १८७३ मध्ये कुटुंब राहायला आलं. आता मला या केसमधला सगळ्यात बोलका वाटणारा कागद. नवीन वाड्यात गेल्यावर महिन्याभरात, फेब्रुवारी १८७३ मध्ये, आल्फ्रेडने आपल्या कामगारांसाठी एक निवेदन लिहिलं आणि त्यावर चित्र छापलं ते वाड्याचं नाही, कारखान्यातल्या त्या जुन्या छोट्या घराचं. मजकुराचा आशय असा की पन्नास वर्षांपूर्वी हे कामगाराचं घर माझ्या आईवडिलांचा आसरा होतं, आम्ही जे दुःख सोसलं ते आमच्या कोणा कामगाराच्या वाट्याला येऊ नये, पंचवीस वर्षं यश मिळेल की नाही याची खात्री नव्हती. हे घर जपून ठेवा असंही त्याने सांगितलं.

यात भावना खरी असेलच. पण टायमिंग बघा. २६९ खोल्यांमध्ये राहायला गेल्यावर हजारो कामगारांना सांगायचं की मी तुमच्यातलाच. आणि त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १८७२ मध्ये, याच माणसाने कंपनीचं ७२ कलमांचं नियमपत्र काढलं होतं, ज्यात कोणी काय करायचं, कोणाला विचारायचं, कंपनीशी निष्ठा कशी ठेवायची ते सगळं बांधून दिलेलं. कामगारांसाठी चाळी, आजारपणाचा फंड, स्वस्त सामानाची दुकानं हेही तोच काढत होता, म्हणजे जेवू घालायचं पण मान वर करायची नाही. वाडा, चाळ आणि नियमपत्र ही एकाच डोक्यातून निघालेली तीन कामं आहेत, वेगळी करून बघितली तर माणूस कळत नाही.

आणि लगेच दणका बसला. १८७३ ची मंदी आली, क्रुपने खाणी आणि कारखाने घेण्यात पैसा ओतलेला, आणि एप्रिल १८७४ मध्ये १ कोटी थालर म्हणजे ३ कोटी मार्कांचं कर्ज बँकांच्या गटाकडून अटींसकट घ्यावं लागलं. गृहप्रवेशानंतर सव्वा वर्षात!

राहणारे लोक

आल्फ्रेडच्या काळात घर भकास होतं असंच म्हणावं लागेल. त्याला चित्रं, गालिचे, शोभेच्या वस्तू यांचा सोस नव्हता. बायको बर्था (हो, आजी आणि नात दोघी बर्था) बराच काळ बाहेरगावीच असायची आणि १८८२ मध्ये तिने घर कायमचं सोडलं. १८८७ मध्ये आल्फ्रेड याच घरात वारला, तेव्हा कंपनीत सुमारे २० हजार माणसं होती.

फ्रिट्झ आणि त्याची बायको मार्गारेटे यांनी घरात जरा जीव आणला. मेजवान्या, संगीत, पाहुणे. १८९० मध्ये पार्काच्या पायथ्याशी रेल्वे स्टेशन झालं, जर्मन सम्राट म्हणजे कैसर विल्हेल्म दुसरा यायचा-जायचा, १८९६ मध्ये चीनचा मुत्सद्दी ली हुंगचांग एसेनला क्रुपकडे येऊन गेला. म्हणजे आल्फ्रेडने ज्या कामासाठी घर बांधलं ते काम मुलाच्या काळात जोरात चाललं. नोव्हेंबर १९०२ मध्ये समाजवादी पेपरने फ्रिट्झच्या काप्री या इटालियन बेटावरच्या खासगी आयुष्याबद्दल उघड छापलं आणि आठवड्याभरात तो या घरात मेला. वय ४८. अंत्ययात्रेला कैसर स्वतः आला आणि समाजवाद्यांवर तोंडसुख घेऊन गेला.

वारस कोण? १६ वर्षांची बर्था. धाकटी बहीण होती, पण कंपनी वाटली नाही, मोठीकडे गेली. आपल्याकडच्या वाड्यांचा विचार करा, सातबाऱ्यावर आणि प्रॉपर्टी कार्डावर बावीस नावं, त्यातली सहा अमेरिकेत, दोन हयात नाहीत, आणि छप्पर गळतंय ते कोणी दुरुस्त करायचं यावर एकमत नाही. क्रुपांनी ही भानगड होऊच दिली नाही. एका पिढीत एकच मालक, बाकीच्यांना पैसे देऊन बाजूला. हे न्याय्य होतं का, ते धाकट्या बहिणीला विचारावं लागलं असतं. पण घर टिकायला हे फार मोठं कारण झालं.

१९०६ मध्ये बर्थाचं लग्न मुत्सद्दी गुस्ताव्ह फॉन बोलेन उंड हालबाखशी याच घरात लागलं, कैसर हजर, आणि नवऱ्याने क्रुप हे नाव लावायचं अशी परवानगी त्याने दिली. नवरा घरजावई, आडनाव बायकोचं, आणि हे सगळं राजाच्या सहीने. मार्गारेटेने त्या लग्नानिमित्त मार्गारेटेनह्योहे ही वसाहत काढली, झाडीतली, सुंदर, आजही लोक तिथे राहतात. मला विचाराल तर वास्तुकला म्हणून वाड्यापेक्षा ती वसाहत कितीतरी सरस आहे.

गुस्ताव्ह-बर्था यांच्या काळात आतून सगळं बदललं. भिंतींना लाकडी पॅनेलिंग, कोरीव छतं, आणि फ्लेमिश विणकामाचे भलेमोठे जुने पडदे. आगीच्या भीतीने लाकूड टाळणाऱ्या पणजोबाने हे बघितलं असतं तर! आज टूरमध्ये लोक ज्याचे फोटो काढतात ते बहुतेक या काळातलं आहे, आल्फ्रेडचं फार कमी. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला बागा, तबेले, शेती, स्वयंपाकघर, वॉटरवर्क्स सगळं धरून ६०० च्या वर माणसं या एका घरासाठी कामाला होती. एका कुटुंबासाठी एवढी माणसं लागत नाहीत हो. एवढा स्टाफ संस्थेला लागतो.

१९४५ आणि नंतर

या भागावरून सगळे माहितीपट भराभर पुढे जातात, म्हणून मी थांबतो. पहिल्या युद्धात क्रुपच्या अवजड तोफेला सैनिकांनी बर्थाचंच नाव दिलं. १९२३ मध्ये फ्रेंचांनी रुरचा औद्योगिक भाग ताब्यात घेतला तेव्हा कारखान्यात गोळीबार होऊन १३ कामगार मेले आणि गुस्ताव्हला तुरुंग पाहावा लागला. हिटलर सत्तेवर आल्यावर तो या घरात पाहुणा म्हणून आला. नोव्हेंबर १९४३ मध्ये तर त्याने खास क्रुप घराण्यासाठी हुकूम काढला की कंपनी एकाच वारसाच्या मालकीची राहील, म्हणजे वाटणीही नाही आणि वारसा कराचा फटकाही नाही. आल्फ्रीड त्या हुकमाने एकटा मालक झाला. आणि याच कंपनीत युद्धाच्या काळात सुमारे एक लाख माणसं सक्तीने राबवली गेली, परदेशी मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. घराच्या भव्यतेचं कौतुक करताना हा आकडा शेजारी ठेवायचा, नाहीतर कौतुक खोटं आहे.

बॉम्बहल्ल्यांत एसेनचे कारखाने उद्ध्वस्त झाले. आल्फ्रेडने जपायला सांगितलेलं ते छोटं घर १९४४ मध्ये गेलं (आज दिसतं ते १९६१ ला पुन्हा बांधलेलं). टेकडीवरचा वाडा मात्र जवळपास जसाच्या तसा उभा. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैनिक आले आणि आल्फ्रीडला त्याच्याच घरातून घेऊन गेले. न्यूरेंबर्गला गुस्ताव्ह आजारपणामुळे कोर्टात उभा राहू शकला नाही, आल्फ्रीडवर खटला चालला, जुलै १९४८ मध्ये १२ वर्षं शिक्षा आणि सगळी मालमत्ता जप्त. सक्तीची मजुरी आणि व्यापलेल्या देशांतली लूट हे आरोप सिद्ध झाले.

मधल्या काळात वाड्यात कोण? दोस्त राष्ट्रांचं कोळसा नियंत्रण ऑफिस. १९५२ पर्यंत. रुरच्या कोळशाचा हिशोब क्रुपच्या दिवाणखान्यात बसून होत होता. इथे माझा मुद्दा सगळ्यात स्पष्ट दिसतो असं मला वाटतं. कारकून, टायपिस्ट, अधिकारी, गाड्या, टेलिफोन, हे सगळं त्या घरात सहज मावलं कारण ते घर मुळात तसंच होतं. खऱ्याखुऱ्या राहत्या घरात ऑफिस घातलं की वर्षभरात त्याची रया जाते.

आल्फ्रीड फेब्रुवारी १९५१ मध्ये सुटला, शीतयुद्ध सुरू झालं होतं, अमेरिकेला जर्मन उद्योग हवा होता, मालमत्ताही परत मिळाली. यावर तेव्हाही ओरड झाली आणि होणारच. १९५२ मध्ये वाडा परत मिळाला, पण कुटुंब तिथे पुन्हा राहायला गेलं नाही. १९५३ पासून लोकांसाठी प्रदर्शनं सुरू केली. नाव धुऊन काढायचा हा शहाणा मार्ग होता असं कोणी म्हणेल, आणि ते चूक नाही, पण त्यामुळे दारं उघडली हेही खरं.

आपला संबंध इथे येतो. १९५९ च्या फेब्रुवारीत राउरकेला पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली, तो प्रकल्प क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्यांच्या मदतीने उभा राहिलेला. आणि त्याच वर्षी व्हिला ह्यूगेलमध्ये भारतीय कलेच्या ५,००० वर्षांचं प्रदर्शन भरलं होतं. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मला नाही वाटत. परदेशी गिऱ्हाइकाची घरी सरबराई करायची, हीच तर त्या घराची मूळ नोकरी, फक्त तोफेऐवजी पोलादाचा कारखाना आणि कैसरऐवजी मूर्ती. आणि पिंपरीला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारी बकाऊ वुल्फ कंपनी आठवत असेल, ती पुढे क्रुपच्या नावाने ओळखली गेली आणि नंतर थिसेनक्रुपच्या (क्रुप आणि थिसेन एकत्र येऊन झालेली कंपनी). आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या गोष्टीत हे नाव कुठे ना कुठे सापडतंच.

शेवटचा वारस आणि कायद्याची खेळी

आल्फ्रीडचा एकुलता एक मुलगा आर्न्ट. त्याला पोलादात रस नव्हता. १९६६ मध्ये त्याने वारसाहक्क सोडला, बदल्यात वर्षाला घसघशीत रक्कम. पुढच्याच वर्षी, मार्च १९६७ मध्ये, कंपनी परत पैशात अडकली, सरकारची हमी घ्यावी लागली आणि अट अशी की एकाच माणसाच्या मालकीची पेढी बंद करून रीतसर कंपनी करा. १८७४ ची आठवण यावी अशीच वेळ. जुलैमध्ये आल्फ्रीड वारला. त्याची सगळी मालमत्ता १ जानेवारी १९६८ पासून त्याच्या नावाच्या फाउंडेशनकडे गेली, वाड्यासकट. सूत्रं हलवली ती १९५३ पासून कंपनी चालवणाऱ्या बेर्टहोल्ड बाइट्झने. हा बाहेरून आणलेला मॅनेजर, ज्याने युद्धात पोलंडमध्ये अनेक ज्यूंचे जीव वाचवले होते. असा माणूस क्रुपच्या गादीशेजारी बसावा हा या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग.

फाउंडेशनने वाडा चालवला. १९८६ ला शीतयुद्ध चालू असताना पूर्व जर्मनीतून ड्रेस्डेनची बारोक कला इथे आणून दाखवली, ती बघायला लोटच्या लोट आले. मैफली होतात. शेजारच्या छोट्या इमारतीत क्रुपचा इतिहास मांडलाय, आणि १९०५ मध्ये सुरू झालेलं कंपनीचं आर्काइव्हही इथेच, जर्मनीतलं या प्रकारचं सगळ्यात जुनं. एसेनहून कोलोनकडे जाणारी एस-६ लोकल पकडली की पार्काच्या खालीच उतरता येतं. खाली तळं दिसतं ते बघून आल्फ्रेडची नजर काय होती असं म्हणू नका, ते तळं १९३३ मध्ये पुरं झालं, त्याने ते कधी पाहिलंच नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण २६९ खोल्यांचं छप्पर फुकट दुरुस्त होत नाही. फाउंडेशनकडे थिसेनक्रुपचे सुमारे २१ टक्के शेअर्स आहेत आणि तिची कमाई मुख्यतः त्या डिव्हिडंडवर. मध्ये काही वर्षं डिव्हिडंडच निघाला नाही. आता तर कंपनी पोलादाचा धंदा वेगळा काढायच्या वाटाघाटी करत आलीय. म्हणजे वाडा अजूनही कारखान्याच्याच नफ्यावर उभा आहे, आणि कारखाना पोलादातून बाहेर पडला तर या घराचा खर्च कोण उचलणार याचं उत्तर फाउंडेशनला येत्या काळात शोधावं लागेल.